तू न केलेली सही

भाऊ,

परवा कारंज्याला तुझी शोकसभा झाली. तुला अजिबात आवडली नसती. ज्या कापडदुकानाच्या ओट्यावर तुझी मशीन होती, बरोबर त्याच्यासमोर मांडव घातला. माईक सारखा किंचाळत होता, आणि ज्यांनी जन्मात तुझ्याकडून साधा पायजमा शिवून घेतला नाही, ते तुझ्याबद्दल घसा कोरडा होईपर्यंत बोलले. त्यातला एक म्हणाला, "सुकदेवभाऊचा मतदारसंघ सरकारनं मिटवला, नाही तर आज ते दिल्लीत असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी पहिल्या रांगेत, वहिनी आणि मायच्या मधे बसले होते. मला उठून सांगायचं होतं की असं काही झालेलं नाही. मतदारसंघ चांगला जिवंत होता, लोक तुझ्या दारात आले होते, तरी तू गेला नाहीस. स्वतःच्या हट्टानं गेला नाहीस. पण मायनं माझा हात धरून ठेवला होता, तो काही केल्या सोडेना. मी तशीच बसून राहिले.

घरी आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. किन्हीराजाच्या शाळेत रजेचा अर्ज दिलाय आणि इथे इंझोरीला मायजवळ बसून तुला लिहिते आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "इंदे, तुले खडू देल्ला का तू भिंतीले बी शिकवशीन." शिकवीन. तुला तर अजून पुष्कळ शिकवायचं राहिलं होतं. आपलं भांडण अर्धंच राहिलंय, आणि तू कावीळ होऊन मरतोस. अरे, कावीळ काय माणसाला मारायचा आजार आहे? आधी झाडपाला झाला, मग अकोल्याचा दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले उशीर झाला, कारंज्याला घरी न्या. आता सगळे मला तेच सांगतात, उशीर झाला, जसं काही मला ते माहीतच नाही.

त्या मतदारसंघाचं खरं काय झालं ते मी लिहून ठेवते. तुझी पोरं उद्या मोठी होतील, कोणीतरी त्यांना त्या माईकवाल्याची गोष्ट सांगेल, आणि ती त्यांना खरी वाटेल. मला ते नको आहे.

आपला भाग ज्या मतदारसंघात होता त्याला नाव होतं दुसऱ्याच लांबच्या गावाचं. ते गाव मायनं आयुष्यात पाहिलं नाही. खासदारकीची जागा होती आणि ती राखीव होती, म्हणजे तिथे अनुसूचित जातीच्याच माणसानं उभं राहायचं. कोणीतरी नकाशा पुढे घेऊन रेघ मारली असणार. आपले तालुके कुठल्या कुठे जोडले गेले. दोन-तीन निवडणुका झाल्या असतील नसतील, तेवढ्यात ती रेघ पुसूनही टाकली. तेवढंच त्याचं आयुष्य. आपल्या गाईची कालवड त्याच्यापेक्षा जास्त जगली असं तू म्हणायचास.

पण त्या जागेवर तुझा किती जीव होता! आठवतं, मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत तू म्हणालास, "चाल, आपलं राज्य कोठून कोठलोक हाये ते पाहून येऊ." मला वाटलं चेष्टा करतोयस. तू खरंच दुकान बंद केलंस, गळ्यातला टेप तसाच गळ्यात, आणि आपण एसटीनं निघालो. एका गाडीतून उतरायचं, चहा प्यायचा, दुसरी धरायची. प्रत्येक स्टँडवर तू कोणाला तरी विचारायचास, "काका, तुमचा खासदार कोन हाये?" कोणाला सांगता येईना. एक जण म्हणाला, "कोन्त्या दुकानात राह्यते?" एका म्हातारीनं तर तुलाच वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "तूच असशीन बापा, गळ्यात पट्टा दिसून राह्यला." तू इतका हसलास की चहा नाकात गेला. शेवटी ज्या गावाच्या नावाचा मतदारसंघ होता तिथे पोचलो. स्टँडबाहेर केळी घेतली, एका बाकावर बसून खाल्ली. तू इकडेतिकडे पाहत म्हणालास, "पाह्य इंदे, हे बी आपलंच." पायाखालच्या जमिनीबद्दल इतक्या लाडानं बोलताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. आपल्याला कुठे होती जमीन! परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलास आणि माझी साडी लाळेनं ओली केलीस.

ती साडीही तूच घेऊन दिली होतीस. माझा शाळेतला पहिला झगा तू उरलेल्या कापडाच्या कतरनीचा शिवला होतास. एक बाही निळी, एक हिरवी. पोरी हसल्या म्हणून मी रडत आले तर तू म्हणालास, "त्यायच्या झग्यात खिसे हायेत काय? तुह्याले दोन हायेत." मी दुसऱ्या दिवशी दोन्ही खिशांत हात घालून शाळेत गेले. आज मी फळ्यासमोर उभी राहते ते त्या खिशांच्या जोरावर, हे तुला कधी सांगितलंच नाही. तोंडावर चांगलं बोलायची आपल्या घरात पद्धत नाही. सांगायला हवं होतं.

आता सहीचं सांगते.

निवडणूक जवळ आली तेव्हा आपल्या पक्षाची माणसं तुझ्या ओट्यावर आली. बरोबर एक वकील होते. मीही त्या दिवशी कारंज्यातच होते, तुझ्याकडे ब्लाउज टाकायला आलेली. ते म्हणाले, सुकदेवराव, उभे राहा. तुझा चेहरा असा उजळला की मशीनचं चाक फिरायचं थांबलं. मग वकिलांनी घसा साफ केला. म्हणाले, एक छोटी गोष्ट आहे. तुम्ही छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेतली. राज्य सरकार नवबौद्धांना सवलती देतं, पण दिल्लीच्या कायद्यात बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीचा धरत नाहीत. राखीव जागेवर त्याला उभं राहता येत नाही. तेव्हा लिहून द्यायचं, जात महार, धर्म हिंदू. बस्स. सगळेच देतात. नाही दिलं तर निवडून येऊनही कोर्ट जागा काढून घेतं.

तू मशीनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलंस. मग एकदम विचारलंस, "वकीलसाहेब, मंग आमच्या मायनं देव कायले बुडवले?"

वकिलांना ते समजलं नाही. त्यांना कसं समजणार? मला समजलं. तुम्ही नागपूरहून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं कोनाड्यातले सगळे देव टोपलीत घेतले. तिच्या सासूनं दिलेले चांदीचे टाक होते त्यात. नदीच्या डोहात सोडले, अंघोळ केली, घरी येऊन भाकरी टाकल्या. रडली नाही. पण पुढे कितीतरी दिवस सकाळी उठली की तिचा हात आपोआप कोनाड्याकडे जायचा, आणि मग ती तो हात पदराला पुसायची. हे तू पाहिलं होतंस. मीही पाहिलं होतं.

वकील म्हणाले, विचार करून सांगा. तू इंझोरीला आलास. मागोमाग मीही आले, कारण मला माहीत होतं तू काय ठरवून बसला आहेस. भर दुपारी आपण तिघं ओसरीवर बसलो. आणि मायनं जे केलं ते तुला वाटलं नव्हतं, मलाही नाही. तांदूळ निवडता निवडता तिनं वर न पाहताच म्हटलं, "सही कर."

तू म्हणालास, "माय!"

"माय काय? देव म्या बुडवले, त्वा नाई बुडवले. ते काई तुह्या सहीनं डोहातून वर येत नाईत. कागदाले काय समजते? सही कर अन् जाय दिल्लीले."

मला तर तिला मिठी मारावीशी वाटली. मीही तुटून पडले तुझ्यावर. म्हटलं, अरे, हा कायदा चुकीचा आहे हे सांगायला कोणीतरी तिथे जायला पाहिजे की नको? धर्म बदलला म्हणून गावानं विहीर बदलून दिली का? जे आपला स्पर्श टाळायचे ते आपल्याला शिवायला लागले का? आपण तेच, आपलं दुःख तेच, फक्त यांच्या वहीत नाही. हे तिथे उभं राहून कोण सांगणार? जो सही करेल तोच सांगणार. दोन शब्द लिहिल्यानं काय फरक पडतो?

तू शांतपणे म्हणालास, "तिथं जाऊन काय सांगू? का मी खोटं लिहून आलो, आता माहं खरं आयका?"

"हौ!" मी ओरडले. शेजारची काकू भिंतीवरून डोकावली. "तेच सांग! तुमीच मले खोटं लिवाले लावलं, हे त्यायच्या तोंडावर सांग!"

तू हसलास. "तू उभी राह्य, इंदे. तू बोलशीन."

"मले कोन उभं करते? अन् माही नोकरी हाये."

"मंग मले माह्या मनासारखं राहू दे."

झालं. तेवढंच तुझं उत्तर. तू उठून विहारामागच्या बाभळीखाली जाऊन बसलास. सही केली नाहीस. मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही, आणि तू ब्लाउज शिवून कंडक्टरच्या हातानं किन्हीराजाला पाठवलास. बाह्या नेमक्या मापाच्या. राग आला की माणसानं निदान माप तरी चुकवावं.

आणि ऐक, मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. तू मेलास म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही. तूच म्हणायचास ना, की मेलेल्याच्या हो ला हो करणारे लोक तुला आवडत नाहीत? दिल्लीत आपलं बोलणारा एक जण कमी झाला तो तुझ्यामुळे. तू तुझं मन साफ ठेवलंस, पण कायदा जसा होता तसाच राहिला. आजही तसाच आहे. याचं काय करायचं ते तू सांगितलंच नाहीस. बाभळीखाली जाऊन बसलास.

तू नाही म्हटल्यावर पक्षानं गुणवंतला धरलं. तो आपल्याच समाजाचा, इंझोरीपासून दोन कोसांवरच्या गावचा, थोड्याशा कोरडवाहू शेतीवर जगणारा साधा माणूस. चार लोकांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. त्यानंही छप्पनला तुझ्याबरोबरच दीक्षा घेतलेली. त्यानं सही केली. सही करून तो थेट तुझ्या दुकानी आला आणि ओट्याखालीच सायकल धरून उभा राहिला. वर चढेना. मी मशीनमागे बसून शर्टाची काजं करत होते. तेव्हा आपलं बोलणं पुन्हा नुकतंच सुरू झालं होतं. मी म्हटलं आता पाहू, भाऊ याला काय ऐकवतो.

तू म्हणालास, "चढ वरते. जाकीट शिवा लागन तुले. असाच जाशीन काय फारम भराले?"

तो चढला. तू टेप घेतलास आणि त्याची छाती मोजायला लागलास. त्याची मान खाली. तू त्याच्या हनुवटीखाली बोट लावून मान वर केलीस. "खांदे पाडू नोको, गुणवंता. माप चुकते." तो रडायला लागला. भाऊ, एवढा दांडगा, शेतात राबणारा गडी, हात दोन बाजूंना पसरलेले, कारण तू माप घेत होतास, आणि डोळे पुसायलाही हात मोकळा नाही. तू माप घेणं थांबवलं नाहीस. सावकाश घेत राहिलास, त्याचं रडणं सरेपर्यंत.

नंतर स्टँडवर मला सोडायला आलास तेव्हा मी तुला चांगलं धारेवर धरलं. म्हटलं, स्वतः सही करायला तुला लाज वाटते आणि दुसऱ्यानं केली तर त्याला जाकीट शिवतोस? हा कोणता न्याय? तू म्हणालास, "त्यानं सोतासाठी नाई केली. आपल्या सगळ्यायसाठी केली. अन् मी नाई केली म्हून मले मोठा करू नोको. त्याले लायना बी करू नोको." माझी गाडी लागली, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं.

त्या निवडणुकीचे सगळे झेंडे तू शिवलेस. गुणवंतच्या गाडीत मागे बसून, झेंड्यांच्या गठ्ठ्यावर, तू सगळ्या मतदारसंघात फिरलास. पण त्याचे काय हाल झाले! आपल्या वस्तीत गेला की म्हातारे विचारायचे, "काहून रे गुणवंता, वापस गेला काय?" गावात गेला की तिथले म्हणायचे, "तुमी त देव मानत नाई, मंग आमचं मत कायले मांगता?" दोन्हीकडे तो हात जोडून उभा. ना इकडचा ना तिकडचा. तो पडला. सपाटून पडला. आणि पडल्यावर त्याचं खरं सुरू झालं. लग्नात पंगतीला बसला की कोणी टवाळ म्हणायचा, "आले हिंदूभाऊ, सरका." पौर्णिमेला विहारात यायचा तो बाहेरच चपलांजवळ बसायचा. तू दर वेळी उठून जायचास, त्याच्या दंडाला धरून आत आणायचास, तुझ्याशेजारी बसवायचास. कोणाची बोलायची हिंमत नव्हती. आता तू नाहीस. या पौर्णिमेला तो कुठे बसेल ते मला पाहायचंच नाही.

मग मतदारसंघच गेला. पुन्हा कोणीतरी नकाशा पुढे घेतला, पुन्हा रेघा मारल्या. तुझ्या दुकानी पेपर आला तेव्हा तू कोणाचा तरी लेंगा कापत होतास. कात्री खाली ठेवलीस, वाचलंस, आणि मला म्हणालास, "इंदे, आपला मतदारसंघ गेला." साडेदहाची गाडी गेली म्हणावं तसं. आता वाशिमच्या नावाचा नवा झाला होता. लोक खूश होते, आपलं नाव दिल्लीत जाणार म्हणून. आणि नवी जागा खुली होती. राखीव नाही.

मी म्हटलं, "मग तर झालंच की! आता कोणाला काही लिहून द्यायला नको. राहा उभा, बौद्ध म्हणून राहा."

तू म्हणालास, "खुल्या जागेवर आपल्याले कोन उभं करते? राखीव होती तवा जागा होती, आपन नवतो. आता आपन हाओत, त जागा नाई."

असं म्हणून तू पुन्हा कात्री उचललीस. पण मी तुला ओळखते. तुझ्या डोक्यात ते बसलं होतं. आणीबाणी उठली, निवडणूक झाली, देशभर लाट आली आणि ओसरलीही, तेव्हा तू नुसता पाहत होतास. नंतर एकदा किन्हीराजाला माझ्याकडे जेवायला आलास. वांग्याची भाजी आणि भाकर. पाटावर बसल्या बसल्या म्हणालास, "पुढच्या खेपेले राह्यतो मी उभा. कोनी नाई घेतलं त एकटा. पडीन. पडलो त पडलो. पन जसा हाओ तसा पडीन." मी म्हटलं, मी रजा टाकून तुझ्या गाडीत बसेन आणि प्रत्येक गावात भाषण करेन. तू म्हणालास, "मंग त नक्कीच पडतो." दोघंही हसलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपलं भांडण मिटायच्या वाटेवर आहे. आता कोणाला सही करायची नव्हती, त्यामुळे कोणी चूक नव्हतं, कोणी बरोबर नव्हतं. मला ते फार बरं वाटलं. तुझे डोळे तेव्हाच पिवळसर दिसत होते, मला वाटलं रॉकेलच्या चिमणीच्या उजेडानं.

पोळा आला नाही तोवर तू गेलास.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत तुझ्या मयताची नोंद करायला गेले. वहिनीला उठवत नाही, पोरं लहान, मायला फार चालवत नाही. गुणवंत बरोबर आला. मी बोलावलं नव्हतं, सकाळी दारात येऊन उभा राहिला.

नोंदीचा कारकून काही वाईट माणूस नव्हता. पान चघळत होता, त्याच्या टेबलापुढे गर्दी होती. नाव विचारलं, वय विचारलं. धंदा विचारला, मी म्हटलं शिवणकाम. तो म्हणाला, "म्हणजे शिंपी. जात शिंपी." मी म्हटलं, नाही हो, शिवायचा तो, जातीनं शिंपी नव्हे. भाऊ, तू ऐकलं असतंस तर दिवसभर हसला असतास, मेल्यावर एकदाचा शिंपी झालो म्हणून. मग त्याची लेखणी पुढे सरकली. धर्माच्या रकान्यात त्यानं मला न विचारताच लिहिलं. मला उलटं वाचता येतं, मास्तरणीला यावंच लागतं. हिंदू.

मी म्हटलं, "ते खोडा. बौद्ध लिहा."

तो पान गालात सरकवून म्हणाला, "बाई, काय फरक पडते? मानूस त गेला."

काय फरक पडतो. माझंच वाक्य. इंझोरीच्या ओसरीवर, भर दुपारी, तुझ्या तोंडावर फेकलेलं. ते त्या माणसाच्या तोंडून आलं आणि मला काय झालं ते कळलं नाही. मी टेबलावर हात आपटला. ओरडले. "फरक पडते! त्यानं दिल्ली सोडली त्या शब्दापायी, अन् तुमी पान खाता खाता लिवता? खोडा ते! आताच्या आता खोडा!" आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले. कारकून घाबरला बिचारा. त्यानं खोडलं, वर बौद्ध लिहिलं, शेजारी सही केली. मी ते पुन्हा त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

बाहेर आले तर गुणवंत पायरीवर बसलेला. आत माझ्या मागेच उभा होता, केव्हा निघून गेला कळलं नाही. मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, झालं, चला. तो उठेना. हाताची बोटं एकमेकांत अडकवून, खाली पाहत तो म्हणाला, "इंदूबाई, एक सांगू काय?"

"सांगा."

"मी मेलो त माही नोंद कराले तुमीच येजा. आमच्या पोरायले असं बोलता येत नाई. ते लिवतीन त्यायले वाटीन तसं, अन् पोरं आंगठा लावून येतीन." मग जरा थांबून म्हणाला, "पन माह्यं त सरकारात हिंदू म्हून लिवलेलं हाये. माह्या सोताच्या सहीनं. तुमी ओरडल्या तरी ते खोडतीन काय?"

भाऊ, या बाईला, जिला भिंतीलाही शिकवता येतं म्हणायचास, तिला एकच शब्द सुचला. मी त्याला "हौ" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी येईन म्हटलं, खोडून घेईन म्हटलं. तो म्हणाला, "जयभीम, बाई," आणि सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही.

तू म्हणालास त्याला लहान करू नको. मी नाही करत. मी तर त्यालाही सही करायला सांगितली असती, तुला सांगितली तशी. तो माझ्याच म्हणण्याप्रमाणे वागला, मी त्याला कधी सांगितलं नाही एवढंच. आणि आता तो मला विचारतो. तुझी नोंद मी त्या टेबलावर हात आपटून नीट करून घेतली. त्याची कुठे करू? निवडणुकीचे ते कागद कोणत्या कचेरीत गेले असतील? तिथूनच मी त्या वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणाले, बाई, तो मतदारसंघच आता राहिला नाही, त्याचं कोण काय सांगणार. जागा गेली, नाव गेलं, नकाशातली रेघ गेली. गुणवंतनं ज्याच्यासाठी सही केली ते सगळं गेलं. त्याची सही तेवढी राहिली. ती परत मागायला मी कोणाच्या दारात जाऊ, भाऊ?